काचणारी खादी

वडिलांनी तरुणपणी खादीचं व्रत घेतलं. लग्नानंतर ते आईच्या आणि पुढे माझ्याही अंगावर चढलं. पुलगावच्या मावशीनं मिलचं मऊ लुगडं पाठवलं की ते आल्या पावली परत जायचं. आई नऊवारी नेसायची, आणि जाड खादीची गाठ तिच्या कंबरेत रुतायची.

"हे काचते मले," ती एकदा माझ्यासमोर म्हणाली.

"सवय होते," वडील हसून म्हणाले. ती पुन्हा कधी बोलली नाही.

ती गेली तेव्हा वडनेरच्या घरी तिला शेवटची आंघोळ मी घातली. कंबरेभोवती बोटभर रुंद काळा पट्टा होता, कातडी निबर झालेली. मळ समजून मी तो दोनदा चोळला. तेव्हापासून माझा वडिलांवर राग आहे. त्यांची सेवा करतानाही तो गेला नाही, खोटं कशाला सांगू?

मागच्या वर्षी पक्षाघातानं वडील अंथरुणाला खिळले. भेटायला माणसं यायची, म्हणून मी रोज खळ दिलेली कोरी खादीची चादर घालायची. त्यांचा मान राहावा, एवढंच डोक्यात. थोड्याच दिवसांत त्यांची पाठ सोलवटली. मलमपट्टीला येणाऱ्या नर्सनं मला चांगलंच फैलावर घेतलं. जखम खोल गेली तर जिवावर बेतेल, आजच मऊ कापड घाला, म्हणाली. वडील मात्र मिलची चादर अंगाखाली घालू देईनात.

मग आईची पेटी आठवली. तिची लुगडी खादीचीच, पण वर्षानुवर्षं नेसून, धुऊन सायीसारखी झालेली. एक चौपदरी करून मी त्यांच्या पाठीखाली सरकवलं. चांगल्या हातानं ते त्याचा काठ चाचपत राहिले. कुणाचं आहे ते त्यांनी ओळखलं.

"तुह्या मायले बी असंच लागत होतं काय?"

"हो, बाबा."

"मंग काऊन नाई बोलली?"

"बोलली होती. तुम्ही म्हणाले, सवय होते."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं होतं, हे एकदा बोलून टाकलं की बरं वाटेल. तसं काही झालं नाही. मी मलमाची वाटी उचलून निघाले, तेवढ्यात त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं. तोही खादीचाच होता.

"तुले काचते काय?"

पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच मला कुणी हे विचारत होतं.

"हो," मी म्हटलं.