कुंभकोणमची तुंगा गाय

माधवला घेऊन कुंभकोणमला जायचं ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. माझा हा धाकटा भाऊ वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडलेला. शाळेतली नोकरी सुटली, बोलणं आटलं. डॉक्टर म्हणाले, मनाची उदासी आहे, हवापालट करा. त्यासाठी लोक महाबळेश्वर गाठतात. पण वडिलांचे रेल्वेतले स्नेही रामराव कुंभकोणमचे, त्यांनी आग्रहाने बोलावलं होतं. माधवने एकदा आपणहून उठावं, एवढंच मला हवं होतं.

पुण्याहून मद्रास, तिथे स्टेशन बदलून छोटी गाडी. जाणार असाल तर टांग्याचं भाडं आधीच ठरवा. मी ठरवलं नाही आणि भांडून घसा बसवून घेतला. पुढे दोन्ही बाजूंना काय हिरवीगार भातशेती! माधव खिडकीकडे पाठ करून बसला होता. मी एकटीनेच बघितली.

रामरावांचं घराणं तंजावरच्या मराठी दरबारापासून तिकडचं. घरात मराठी, पण जुन्या वळणाची, उंबऱ्याबाहेर तमिळ. काकूंनी अंबट वाढलं, म्हणजे त्यांची चिंचेची आमटी. मी दोनदा मागून घेतली. कॉफीबद्दल तर विचारूच नका. माधवने नुसता भात चिवडला.

घराला लागूनच त्यांचं विठोबाचं छोटं देऊळ. तिथली रीत अशी, की पहाटे दार उघडलं की देवाने पहिलं दर्शन गाईचं घ्यायचं. तिला रोज रामराव नेत, पण त्यांचा गुडघा सुजला होता. काकू माधवच्या उशाशी गेल्या.

“माधवा, ऊठ. तुंगा उभी आहे. ती गेल्याशिवाय देव डोळे उघडत नाहींत.”

“मी नेते,” मी म्हणाले.

“तूं राहा. त्याला नेऊं दे.”

भजनाची मंडळी दाराशी ताटकळलेली. परसात तुंगा हंबरली, पुन्हा हंबरली. आणि माधव उठला.

देवळात त्याने तिचं तोंड व्यवस्थित देवाकडे करून तिला उभी केली. आपण कुणीही हेच केलं असतं.

“अय्यो, उलटें!” रामराव काठी आपटत ओरडले. “देवाकडे पाठ पाहिजे. गाईच्या पाठीमागे लक्ष्मी असते, देव तीच पाहतात!”

तुंगा वळेना. माधव ढकलतोय, मंडळी तमिळमधून सल्ले देताहेत, तेवढ्यात शेपटीचा फटका बसून त्याचा चष्मा शेणात. माधव हसला. वर्षभरानंतर ते हसणं ऐकलं आणि मी खांबाआड जाऊन रडून घेतलं.

मग रोज तोच तिला नेऊ लागला. जवळच्या दारासुरमचं देऊळ आणि तिथले रेशमाचे माग अजिबात चुकवू नका. माधवने मात्र चुकवले. तुंगाची अंघोळ राहिली होती म्हणे. परत निघताना काकूंकडून शिकलेलं तो तिच्या कानाशी म्हणाला, “जाऊन येतों.”

पुण्यात परतल्यावर तो खडखडीत बरा झाला, असं मी सांगणार नाही. काही सकाळी तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. पूर्वी मी म्हणायचे, अशी पाठ फिरवू नकोस. आता चहा ठेवते आणि त्या पाठीकडे बघत शांत बसते. परवा तशीच बसले होते. बऱ्याच वेळाने, न वळताच, तो म्हणाला, “ताई, तुंगाला आता कोण नेत असेल?”

आणि चहासाठी उठून बसला.