न भाजलेली बशी

भाचीचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "मावशी, आई..." एवढंच ती बोलली. पुढचं तिनं सांगायच्या आधीच सगळं कळलं.

अक्का, माझी थोरली बहीण. सगळं आयुष्य निफाडच्या द्राक्षबागेत गेलं. केमोसाठी नाशिकला माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिला दुखण्यापेक्षा रिकामपणानं छळलं. औषधांनी बोटांची टोकं बधिर झालेली, ब्लाउजचं हूकही लागत नसे. अशात शेजारच्या मुलीनं मोबाइलवर चिनी मातीचे कप कसे रंगवतात ते दाखवलं आणि अक्कानं हट्टच धरला. मी मेन रोडवरून रंग, ब्रश, पांढरे कप आणले खरे, पण मनात धाकधूक... कप निसटला, तुकडा लागला, जखम चिघळली तर?

पहिला कप धुतला आणि त्यावर काढलेला द्राक्षांचा घड नळाखाली वाहून गेला. तिचा चेहरा एवढासा झाला. मग आम्ही हळूहळू शिकलो. कप आधी स्पिरिटनं पुसायचा, ओठ लागतात ती कड मोकळी सोडायची, रंग दिवसभर वाळू द्यायचा; मग रंग पक्का बसावा म्हणून कप थंड ओव्हनमध्ये ठेवून भाजायचा आणि तडकू नये म्हणून आतच निवू द्यायचा.

दुसऱ्या कपाच्या वेळी मी सारखी ओव्हनपाशी घुटमळत होते.

"शोभे, बस ना खाली. तडकला तर तडकला. गारपिटीत लय बागा गेल्यात माझ्या."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून तर रंगवते. ब्रश धरला की तेवढा वेळ रिपोर्ट डोक्यात येत नाय."

तो कप तडकला नाही. त्यातून चहा पिताना अक्का किती दिवसांनी हसली...

शेवटचं दवाखान्यात नेलं त्या सकाळी ती लेकीसाठी बशीवर वेल काढत होती. ताप चढला आणि बशी तशीच राहिली. तेराव्यानंतर भाची म्हणाली, "मावशी, भाजून दे ना." माझा धीरच होईना. ही तडकली तर दुसरी कोण रंगवणार?

गेल्या रविवारी भाची आली, तेव्हा एकदाची भाजली. पूर्ण निवेपर्यंत दोघींपैकी कुणीच ओव्हनचं दार उघडलं नाही. बशी शाबूत निघाली. नळाखाली धरली, रंग हलला नाही. तेव्हा पहिल्यांदा कडेला नजर गेली. शेवटच्या पानावर अक्काचा अंगठा उमटला होता. रंग ओला आहे हे त्या बधिर बोटाला कळलंच नसणार.

भाचीनं त्यावर आपला अंगठा टेकवला आणि कितीतरी वेळ उचललाच नाही.