कापसाच्या खोलीतली आजी

गल्लीत तिला सगळे गादीवाली म्हणत. नवरा गादीवाला म्हणून ही गादीवाली, इतकंच काही नव्हतं. दाभण हातात घेतलं की तिचा टाका नवऱ्यापेक्षा सरळ पडे, आणि हे नवराही चारचौघांत कबूल करी. लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला पहिली गोष्ट सांगितली, "दार लावून घे." दुसरी, "खिडकीही."

कापसाचं काम वाऱ्यात होत नाही. जुनी गादी उसवायची, आतला घट्ट बसलेला कापूस हाताने मोकळा करायचा, यंत्रात घालून पिंजायचा आणि नव्या खोळीत भरायचा. पिंजलेला कापूस इतका हलका, की दार किलकिलं झालं तरी उठून चालायला लागे. म्हणून दार बंद, खिडकी बंद, पंखा बंद. घर दोनच खोल्यांचं. पुढच्या खोलीत यंत्र, मागच्या खोलीत चूल आणि बिछाने, मधे नुसता पडदा. यंत्र सुरू झालं की समोरचं माणूस धुक्यातून दिसावं तसं दिसे.

"आमच्या धंद्यात म्हातारं व्हायला वय लागत नाही," गादीवाला गिऱ्हाइकांना सांगे. "सकाळी काळा बसतो, दुपारी पांढरा उठतो."

सकाळी उठल्यावर तो बराच वेळ खोकत बसे. त्याचा बापही तसाच खोकायचा. घरात त्याला कुणी दुखणं म्हणत नसे.

लेक शिवणकारखान्यात कामाला लागली आणि तिची पोर दिवसभरासाठी आजीकडे येऊ लागली. पोरीला सगळे ठकी म्हणत. आजीने तिच्यासाठी पिंजलेल्या कापसाचा ढीग कोपऱ्यात राखून ठेवला होता. ठकी त्यात झोपे, लोळे, बाहुलीला त्यात पुरून पुन्हा शोधून काढी.

"नशीब काढलंय पोरीने," वरच्या मजल्यावरची शिकवणीवाली बाई जिन्यातून म्हणाली. "आम्ही फरशीवर वाढलो, ही कापसात वाढतेय."

आजीला ते ऐकून फार बरं वाटलं.

ठकी बोलायला लागली, धावायला लागली, आणि मग खोकायला लागली. आधी कोरडा खोकला, मग रात्रीची छाती वाजणं. लेक सकाळी सोडायला आली की सांगे, "आई, रात्रभर घरघरत होती."

"गारठा," आजीने निकाल दिला. "त्या खिडकीच्या फटीतून वारा येतो सुरीसारखा."

तिने त्याच दिवशी जुन्या कापसाचे पीळ केले आणि चमच्याच्या दांड्याने खिडकीच्या फटीफटीत ठासून बसवले. दाराखालीही एक लांब वळकटी लावली. काम झाल्यावर लांब उभी राहून पाहिलं. आता मुंगी शिरायची नाही.

गारठा गेला, खोकला वाढला. एके दुपारी ठकीला श्वासच घेता येईना. गळ्याखाली खळगा पडत होता, ओठ काळवंडले होते. आजीने तिला उचललं आणि अंगभर कापूस चिकटलेला, तशीच दवाखान्यात धावली. कारखान्यातून लेकही तिथेच आली.

डॉक्टरीणबाईंनी आधी वाफेचं औषध दिलं. पोर जरा सावरल्यावर विचारलं, "घरात कुणी विडी-सिगरेट ओढतं?"

"छे हो. देवापुढे दिवा लावते, तेवढाच धूर."

"सुट्टीच्या दिवशी खोकते का?"

लेक आणि आजी एकमेकींकडे पाहू लागल्या. सुट्टीच्या दिवशी ठकी आपल्या घरी असे. खोकायची, पण अर्धीही नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी आजीकडून नेली की ती रात्र मात्र वाईट जायची.

"काम काय चालतं तुमच्याकडे?"

"गाद्या," आजी म्हणाली. "पण धूळ नाही हो. कापूस असतो. स्वच्छ."

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की जुन्या कापसात वर्षानुवर्षांची माती असते, बुरशी असते. डोळ्याला दिसते ती धूळ त्यातल्या त्यात बरी, नाकात अडकते. न दिसणारी छातीत उतरते आणि आतल्या नळ्या सुजतात. खिडक्या उघड्या ठेवा, केरसुणी फिरवू नका, ओल्या फडक्याने पुसा, हवा बाहेर फेकणारा पंखा लावा.

"आणि पोरीला त्या खोलीपासून लांब ठेवा."

"खोल्याच दोन आहेत," आजी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पंपाचं औषध लिहून दिलं.

घरी आल्यावर आजीने फटींतले पीळ स्वतःच्या हाताने ओढून काढले. एकेक पीळ काढताना तिला वाटत होतं, हा मीच बसवला. खिडकी उघडली. उन्हाची तिरीप आत आली आणि त्या तिरिपीत अख्खी खोली तरंगताना दिसली. यंत्र बंद असतानाही हवेत एवढी धूळ असते, हे बंद खिडकीत कधी दिसलंच नव्हतं.

मग हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. आठवडाभर झकास चाललं. आठव्या दिवशी शिकवणीवाली खाली आली.

"गादीवाले, माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांना पिसं फुटलीत. आता उडायचंच बाकी आहे."

"पंख्याला जाळी लावतो," गादीवाला हसत म्हणाला.

"कपड्यांचं सोडा हो. माझी सासू खिडकीशी झोपून असते. तिलाही दमच लागतो. तुमच्या नातीचा खोकला तिच्या उशाशी पाठवू नका." हे ती हळू आवाजात बोलली, म्हणून जास्त लागलं.

जाळी लावली. ती दोन तासांत चोंदायची आणि पंखा नुसता घोंघावत राहायचा. पडदा ओला करून टांगला, तर दमट हवेने कापसाच्या गुठळ्या झाल्या आणि गिऱ्हाइकाने गादी परत आणली, दगडावर झोपल्यासारखं वाटतं म्हणून. तोंडाला फडकं बांधलं, तर गादीवाल्याचं फडकं घटकाभरात हनुवटीवर.

"यंत्र बाहेर नेऊन चालवू या का?" आजीने विचारलं.

"नेऊ की. आधी अंगण आण कुठून तरी." मग तो बराच वेळ खोकत राहिला.

देवापुढे दिवा लावताना आजी रोज काहीतरी मागायची. त्या दिवसांत तिला मागताही येईना. हवा तर त्याने सगळ्यांना सारखीच दिलेली होती. बंद केली ती आपण.

लेकीने पोरीला पाळणाघरात घातलं. कुणी कुणाला दोष दिला नाही. सुट्टीच्या दिवशी ती ठकीला भेटायला आणायची. पोरीचे गाल भरले होते, पळताना दम लागत नव्हता. आजीने आदल्या दिवशी घर ओल्या फडक्याने पुसलेलं असे, यंत्रावर चादर टाकलेली असे. तरी ठकी दारातून सुटली की थेट गादीत भरायला ठेवलेल्या कापसाच्या ढिगात. आणि संध्याकाळी लेकीचा फोन, "पुन्हा पंप द्यावा लागला."

असं तीनदा झाल्यावर आजीच म्हणाली, "इकडे आणू नकोस तिला. मी येईन."

"आई, तसं नको ग."

"तसंच."

ठकीला कुणी समजावलं असेल-नसेल. फोनवर ती एवढंच म्हणाली, "आजीची कट्टी. आजी मला घरात घेत नाही."

पुढच्या सुट्टीला आजी डोक्यावरून आंघोळ करून, ट्रंकेतले कपडे घालून लेकीकडे गेली. ठकी खेळत होती, तिने वर पाहिलं नाही. लेकीने पाणी आणलं. पेला हातात देता देता तिची नजर आजीच्या वेणीवर गेली. तिने वेणीतून कापसाचा एक बारीक पुंजका काढला, मुठीत मिटला आणि आत टाकून आली.

आजी आपसूक मागे सरकली. सरकत सरकत दारापाशी गेली आणि उंबऱ्याला टेकून बसली.

"आत बस ना, आई."

"इथे वारा आहे," ती म्हणाली.

बऱ्याच वेळाने ठकी आली. कट्टी मोडली असं काही म्हणाली नाही, नुसती येऊन मांडीवर बसली. आजीने तिच्या पाठीला कान लावला. शिट्टी नाही, घरघर नाही. श्वास आत जात होता, बाहेर येत होता. आजीला हायसं वाटलं. मग तिने पोरीला मांडीवरून हळूच उतरवून आईकडे पाठवलं. तिला परत जायचं होतं. उद्यासाठी एक जुनी गादी उसवून ठेवायची होती.