साहेबांची टोपी आणि चांगदेवचं रुंद टेबल

चांगदेवने आयुष्यभर खोटी घरं बांधली. आमच्या नाटक मंडळीचं नेपथ्य त्याचं असायचं. प्रयोगाआधी तो शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसायचा आणि तिथून ओरडायचा, "बाई, तुमचं तोंड दिसत नाही, खिडकी हलवतो."

मी पाच फूट सात इंच उंच, त्यामुळे जन्मभर खाष्ट सासू. एका नाटकात जावई टेबलापलीकडून माझ्या अंगावर धावून यायचा. एक नवा जावई असा रंगात आला, की त्याने खरोखरच माझा गळा धरला. दुसऱ्या दिवशी चांगदेवने टेबल आणखी हातभर रुंद केलं. जावयाचे हात हवेतच राहिले आणि माझा गळा अजून शाबूत आहे.

मंडळी बंद पडली तशी चांगदेवने मानपाड्याला फर्निचरचा कारखाना टाकला. यंदा आमच्या भागातल्या नव्या पोलीस ठाण्याचं लाकूडकाम त्याच्याकडे आलं. आर्किटेक्ट नीरजाने नकाशात दर्शनी काउंटर बुटकं ठेवलेलं, लोकांनी समोर बसून मोकळेपणी बोलावं म्हणून. इन्स्पेक्टर गुंजाळ साहेबांना ते छातीएवढं हवं होतं.

"मॅडम, उद्या कोणी माझ्या हवालदाराची कॉलर धरली तर?"

चांगदेव मात्र बुटक्यासाठी हटून बसला. कारण त्याच्या घरातच होतं. त्याची बायको भीमाबाई जेमतेम साडेचार फूट. नऊ वर्षांपूर्वी तिचं शिलाई मशीन चोरीला गेलं, तेव्हा ती कुठल्याशा चौकीत गेलेली. काउंटर तिच्या नाकाएवढं. पलीकडचा माणूस पेपर वाचत राहिला. तासाभराने ती तशीच घरी आली. तक्रार लिहिलीच गेली नाही.

साहेब निर्णय सांगायला येणार त्या दिवशी सकाळीच चांगदेवचा फोन आला. "बाई, रंगीत तालीम आहे."

"संवाद किती?"

"एकही नाही."

"मग मी येत नाही."

"चोरी करायचीय."

"किती वाजता?"

कारखान्यात त्याने प्लायवूडची दोन काउंटरं मांडली होती. एक उंच आणि अरुंद, दुसरं बुटकं आणि चांगलं ऐसपैस. दोन्हींवर कोऱ्या कागदांचं पॅड. साहेब उंच काउंटरमागे खुर्चीवर बसले.

"साहेब, तक्रार लिहायचीय," भीमाबाई म्हणाली.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "कोण बोलतंय?"

"मी. इथं, खाली."

साहेब उठले, काउंटरवर छाती टेकवून वाकले. मी भीमाबाईच्या बाजूलाच उभी होते. हात लांबवला, साहेबांच्या डोक्यावरची टोपी उचलली आणि माझ्या डोक्यावर चढवली. शेजारी उभ्या नीरजाने हसू लपवायला नकाशा तोंडासमोर धरला.

"ओ आजी!"

"आजी नाही, आरोपी," मी म्हटलं.

"आता इकडे, बुटक्यामागे बसा साहेब," चांगदेव शांतपणे म्हणाला. "बाई, टोपी परत द्या आणि पुन्हा पळवा."

मी जीव ओतून प्रयत्न केला. वाकले, ताणले, शेवटी काउंटरवर पालथी पडले. बोटं टोपीपासून वीतभर लांब. माझ्या पाठीवरून साहेब आणि भीमाबाई एकमेकांकडे नीट बघत होते.

"उंचीचं काम रुंदी करते, साहेब," चांगदेव म्हणाला. "बाईंच्या गळ्याला विचारा."

साहेबांनी प्लायवूडवर टकटक केलं. "चार बोटं अजून वाढवा. मग हेच करा." मग हसून भीमाबाईला म्हणाले, "बोला ताई, काय होती तुमची तक्रार?"

त्यांना वाटलं, नाटक चालूच आहे. भीमाबाई खुर्चीवर बसली, पदर सारखा केला. "शिलाई मशीन. पायाचं. नऊ वर्षं झाली. तेव्हा कुणी लिहून नाही घेतलं."

साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी चांगदेवकडे पाहायला मान वळवली, तर तो कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा.

"दिसतंय!" तिथून तो ओरडला.

साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आजी, जरा उठता का? पॅड तुमच्या पोटाखाली आहे."