ओळ संपली की बाबा थांबतात

मंडळी, आज सकाळी कळमनुरीतल्या आमच्या पुढच्या खोलीत मी बेस गिटारवर एक सोपी जॅझची चाल पहिल्यांदाच कॉर्डसकट शेवटपर्यंत वाजवली.

खरं तर कॉर्ड, म्हणजे तीन सूर एकदम, वाजवणं गिटारवाल्याचं काम. आमचा गिटारवाला म्हणजे माझा मित्र सुध्या. त्याला साथ करायची म्हणूनच मी बेस घेतला होता. मग तो नोकरीसाठी पुण्याला गेला. आता खालचा सूर मीच धरतो आणि वरचे दोन्ही मीच दाबतो. बोटांची सालं निघालीत.

बाबा भजनी मंडळात टाळ वाजवतात. आज ऐकता ऐकता टाळ घेऊन शेजारी येऊन बसले. ठेका बराबर धरला, पण प्रत्येक ओळ संपली की थांबायचे.

"बाबा, तुमी मधीच काहून थांबून राहिले?"

"आरं, मागचे टाळकरी ओळ उचलतील म्हणून थांबतो. तुझ्या मागं म्हणणारं कोणीच न्हाई का?"

पुन्हा वाजवलं तेव्हा मात्र प्रत्येक ओळीनंतर मीही थांबलो. माझ्या ओळीमागून सुध्या त्याची ओळ वाजवायचा, तेवढाच वेळ.

तुमची ओळ उचलणारं माणूस सध्या कुठल्या गावात आहे?