फ्रिस्कोमामांचं कालवण

फ्रिस्कोमामा आमच्या गिरगावच्या घरी पडवीत एकटेच जेवत, पण बोलत मात्र पन्नास पानांच्या पंगतीत बसल्यासारखे. हे माझ्या आईचे थोरले भाऊ. बोटीवर नोकरी करत ते थेट सॅन फ्रान्सिस्कोला पोचले आणि तिथल्या इटालियन कोळ्यांत काही वर्षं राहून आले. समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त त्यांनी घेतलं नाही, म्हणून ज्ञातीने पंगत बंद केली. "चूक केली असती तर घेतलं असतं. मी फक्त लांब गेलो," ते म्हणत. बहीण आपल्याबरोबर जेवत नाही, हे मात्र त्यांना फार लागे.

मी त्या वेळी मोठा सुधारक. समुद्रपर्यटनाच्या बाजूने दोन व्याख्यानं झोडलेली. स्वतःचं पर्यटन भाऊच्या धक्क्यावरून उरणपर्यंत, आणि त्यातही अर्ध्या वाटेत सकाळची न्याहारी दर्याला अर्पण.

एका रविवारी मामांनी परसात चूल मांडली. कोलंबी, तिसऱ्या, घोळ माशाचे तुकडे, लसूण आणि त्या काळी आम्ही ज्यांना विलायती वांगी म्हणत असू, ते टोमॅटो. तिकडे यात लाल दारू ओततात; आमच्याकडे तिच्या जागी कोकमाचं आगळ आलं. चिंबोऱ्या, म्हणजे जिवंत खेकडे, माझ्याकडे सोपवल्या होत्या. मी परसभर नाचू लागलो.

"वामन, सोड तिला!"

"मामा, तिनंच धरलंय!"

आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिला राहवेना. "दादा, नारळ नाही, मसाला नाही. आजाऱ्याचं आहे का हे?"

"तिकडे प्रत्येक कोळी टोपात आपलं काहीतरी टाकतो. ज्यानं टाकलं, त्याचं कालवण," मामा म्हणाले.

आई आत गेली, आपला मसाला कालवलेलं वाटीभर नारळाचं दूध घेऊन आली आणि टोपात ओतलं. मामांचा चेहरा पडला. इटालियन कोळ्याने ते चाखलं असतं तर बिचाऱ्याने दर्यात उडी घेतली असती. मग आईने आपलं आणि मामांचं पान शेजारी मांडलं. "आता माझ्या हातचं झालं. बस, दादा."

मामा बसले. मी सुधारक, आधी शेजाऱ्यांची खिडकी लागली आहे का ते पाहून आलो आणि मगच आपलं पान घेऊन बसलो.

व्हायचं ते झालं. आमच्याकडे लग्नाची आमंत्रणं येईनाशी झाली. मामांनी ट्रंक भरली. "काशी, माझ्यापायी तुझं दार बंद नको."

"लग्नांतली जेवणं पुष्कळ जेवले मी," आई म्हणाली. "भाऊ एकच आहे."

मामा राहिले. पुढे तापाने आमच्याच घरी गेले. ज्ञातीतलं कोणी फिरकलं नाही. खांदा द्यायला माझगावच्या गोदीतले खलाशी आले, नाना जातींचे, नाना धर्मांचे. तेराव्याला आईने त्या सगळ्यांना एका ओळीत बसवलं आणि स्वतः वाढलं. दुःखात तिला कोणाची जात विचारायचं सुचलं नाही, असं मी पुढे लोकांना सांगत असे. तिला सगळं ठाऊक होतं.