शिंगाड्याच्या बाटल्या

आई, भंडाऱ्याहून पुण्याची बस सुटताना तू खिडकीतून शिंगाड्याच्या पिठाची पिशवी माझ्या मांडीवर टाकलीस. "उपासाले लागंल," म्हणालीस. मग बसबरोबर चार पावलं चालत आलीस. "अन् दारूच्या वाऱ्यालेही उभी राहू नको, माय."

शंकरमामाला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. तुझा धाकटा भाऊ. कुणाच्या तरी लग्नात हातभट्टीची प्यायला आणि सकाळी, भर उन्हात, त्याने विचारलं, "लाइन गेली का?" डोळेच गेले होते. तिसऱ्या दिवशी तोही गेला. तुझी भीती कुठून येते ते मला ठाऊक होतं. तरी मी ते केलं.

शनिवार पेठेत मी केतकीबरोबर खोली घेतली. आम्ही एकाच ऑफिसात. तिला घरी बिअर करायचा नाद. परवाना लागतो म्हणे. आमच्याकडे नव्हता, त्यामुळे बेल वाजली की मी आधी भांड्यांवर चादर टाकायचे. बिअर हलकी व्हावी म्हणून माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाबरोबर, तांदूळ शिजवून घालतात. एकदा तिने विचारलं, "तुमच्याकडचं काही स्टार्चवालं आहे?" मी तुझी पिशवी काढून दिली.

पीठ शिजून खळीसारखं घट्ट झालं. माल्टच्या गरम पाण्यात मिसळलं आणि तासाभरात सगळं पातळ, गोड झालं. ते गाळून उकळलं, गार केलं, यीस्ट घातलं. आठवड्याने घाई करून बाटल्या भरल्या. आंबणं अजून पूर्ण झालं नव्हतं आणि बंद बाटल्यांत वायू साठत राहणार, हे आम्हांला कळलं नाही.

आणि तुझा फोन आला, "मी बसमंदी बसली." तू पुण्याला पहिल्यांदाच येत होतीस. मी बाराच्या बारा बाटल्या ओट्याखालच्या कपाटात लपवल्या.

मे महिना होता. तू आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी केतकी ऑफिसला गेलेली, मी आतल्या खोलीत मीटिंगमध्ये, तू ओट्याशी शिरा भाजत होतीस. एकदम धडाका झाला. मी धावत आले. कपाटाचं दार उघडं पडलेलं, फरशीवर फेस, तुझ्या पायांभोवती काचा. तू सराटा हातात धरून नुसती उभी. खालून घरमालकीणबाई ओरडल्या, "अहो, स्वयंपाक चाललाय की सुरुंग लावताय?"

तू खाली वाकून वास घेतलास.

"दारू?"

"बिअर आहे, आई. घरी केलेली."

तेवढ्यात दुसरी फुटली. तू मला दंडाला धरून मागे ओढलंस. आपण दोघी भिंतीला टेकून उभ्या होतो. माझा दंड तू सोडला नव्हतास. मला वाटलं, चिडली आहेस. तू विचारलंस, "तू पेली काय हे? तुले दिसते ना बराबर?"

मी नाही म्हणाले. तरी तू माझा चेहरा खिडकीकडे वळवलास आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लावलीस. मी मोठ्याने वाचली. दोनदा.

मग दोन चादरी भिजवल्यास, लांबूनच कपाटावर टाकल्यास आणि खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलंस. आपण दिवसभर जिन्यात बसलो. आणखी तीन फुटल्या. प्रत्येक आवाजाला तू माझा हात आवळायचीस.

तू परत गेलीस. मामाचं नाव दोघींनीही काढलं नाही. केतकी बिअर करायचं सामान तिच्या भावाकडे ठेवून आली. या खोलीला मी आजवर रूम म्हणत आले. आता घर म्हणते. इथे तू माझ्यासाठी घाबरलीस, जशी भंडाऱ्याच्या घरी घाबरायचीस.

एक गोष्ट तेव्हा खोटी सांगितली, आई. तू यायच्या आदल्या संध्याकाळी मी बाटल्या भरून उरलेली बिअर अर्धा ग्लास प्यायले होते. चव चांगली होती. पण झोपताना दिवा मालवायची हिंमत झाली नाही.